टाकी फुल्ल, इंजिन गुल

अमेरिकेत वसंत आला हे कळायला कोकिळेची गरज पडत नाही. एप्रिलमधला पहिला कोरडा शनिवार उजाडतो, नऊ वाजतात, आणि ओहायो, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना इकडच्या उपनगरांत एकेका गराजचं दार वर सरकायला लागतं. आतून रायडिंग मोवर बाहेर पडतात. चार चाकं, स्टिअरिंग, पुढे बॉनेट, पोटाखाली गरगरणारी पाती आणि हाताशी कॉफीचा पेला ठेवायला खोबण, असं हे गवत कापायचं वाहन.

तासाभरात सगळा परिसर घरघरायला लागतो. एका गराजमधून मात्र वेगळाच आवाज येत असतो. घुर्र घुर्र घुर्र घुर्र... मग शांतता. पुन्हा घुर्र घुर्र घुर्र. मग बॉनेट आपटल्याचा आवाज आणि अस्सल मराठीतला एक शब्द, जो मासिकात छापता येत नाही.

गवताचं प्रकरण तिकडे गंभीर आहे. नासातल्या संशोधक क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली उपग्रहांच्या आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून अंदाज काढला, तेव्हा अमेरिकेतल्या हिरवळींचं क्षेत्र १,६३,००० चौरस किलोमीटरच्या आसपास भरलं. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त जमीन, आणि तिच्यावर पिकतं काय, तर कापून टाकायचं गवत. बरं, कापलं नाही तर चालतं म्हणावं, तर तेही नाही. फ्लोरिडातल्या डनेडिन गावात गवत दहा इंचांच्या वर गेलं की दंड होतो. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथले एक गृहस्थ आईच्या पश्चात निरवानिरव करायला बाहेरगावी गेले होते. गवत कापायला ठेवलेला माणूस मधल्या काळात वारला. गवताला यातलं काहीच कळवलेलं नसल्यानं ते वाढत राहिलं. दिवसाला ५०० डॉलर या दरानं दंड जवळजवळ ३० हजार डॉलरवर गेला, आणि तो वसूल करायला गावानं घरावरच टाच आणायची तयारी केली. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी गावाचीच बाजू उचलून धरली.

तेव्हा शनिवारी सकाळी मोवर सुरू न होणं ही नुसती यंत्राची बाब राहत नाही. रस्त्यापलीकडच्या बाईंनी सकाळपासून दोनदा पडदा सरकवून पाहिलेलं असतं.

अर्ध्या-पाऊण एकरावर घर घेतलेला मराठी संगणक अभियंता या संकटाला त्याच्या व्यवसायाच्या शिस्तीनं सामोरा जातो. म्हणजे सगळ्यात महाग भागावर आधी संशय घेतो. मोवर बहुधा घराच्या मागच्या मालकानं जाताना ‘तुम्हालाच राहू द्या’ म्हणून सोडलेला असतो. (घराबरोबर फुकट मिळालेल्या वस्तूचा इतिहास कुणी विचारत नाही.) पहिली शंका बॅटरीवर. नवी बॅटरी येते. इंजिन आता दुप्पट जोरात घुरघुरतं, पण पेट घेत नाही. मग नवा स्पार्क प्लग. तोही निमूटपणे बसतो आणि काही करत नाही. खरं तर इंजिन गरागरा फिरतंय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करताहेत, हे एव्हाना उघड झालेलं असतं. पण हजारो सर्व्हरांवर पसरलेल्या प्रणालीतला दोष रात्री दोन वाजता शोधून काढणाऱ्या माणसाला, एका सिलिंडरच्या इंजिनात दोष शोधायला लॉग नाहीत, ही गोष्टच पचत नाही.

अशा वेळी कुंपणापाशी शेजारी उगवतो. प्रत्येक गल्लीत असा एक असतो. निवृत्त, चेहरा उन्हानं रापलेला, आणि गराजच्या भिंतीवर पाने आकारमानानुसार टांगलेले. तो नमस्कार-चमत्कार न करता विचारतो, “पेट्रोल?”

“टाकी फुल्ल आहे.”

“आहे का ते नाही विचारलं. कधीचं आहे?”

“ऑक्टोबरचं.”

शेजारी झाकण काढतो, वास घेतो आणि दुखवट्याला आल्यासारखी मान हलवतो.

पेट्रोल शिळं होतं, ही कल्पना मराठी मनात शिरायला वेळ लागतो. उभ्या आयुष्यात पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून स्कूटर पुढे ढकलणाऱ्याला ते शिळं झालेलं बघायची संधी मिळाली कधी? पण ते होतं. छोट्या इंजिनांचे उत्पादक सांगतात की स्टॅबिलायझर घातलं नसेल तर पेट्रोल महिनाभरात वापरून टाका. ठेवून दिलं की त्यातले लवकर पेट घेणारे हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते, आणि टाकीतून रंगाच्या दुकानासारखा वास येतो. त्यात इथेनॉलची भर. २००५ च्या ऊर्जा कायद्यानं अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणं सक्तीचं केलं, मक्याच्या शेतकऱ्यांची चंगळ झाली, आणि बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं पेट्रोलची साथ सोडून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातून निघते.

यावर महाराष्ट्रानं अमेरिकेला हसायचं कारण नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यातले कारखाने साखरेइतक्याच उत्साहानं इथेनॉल गाळतात, आणि २०२५ मध्ये भारतात हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलंसुद्धा. अमेरिकेत पंधरा टक्केवालं पेट्रोलदेखील मोवरमध्ये घालायला बंदी आहे. पंपावर तसं नारिंगी लेबल चिकटवलेलं असतं. मात्र ते पेट्रोल गॅलनमागे काही सेंट स्वस्त असतं, आणि सेंट व लेबल समोरासमोर ठेवले तर मराठी माणसाची नजर आधी कुठं जाते हे वेगळं सांगायला नको.

अशा घरांत एप्रिल ते सप्टेंबर भारतातून आई-वडील आलेले असतात. पहिल्या आठवड्यात वडिलांनी सगळी पुस्तकं वाचून संपवलेली असतात, आणि गराजमधली घुरघूर ऐकून त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा मायदेशात असल्यासारखं वाटतं. ते हात मागे बांधून येतात. इंजिनाकडे न बघताच निदान करतात.

“कचरा आलाय.”

“बाबा, इथं पेट्रोल गाळलेलं असतं.”

“कुठंही असू दे. कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.”

या पिढीचा अधिकार मोठा आहे. आकुर्डीत १९७२ पासून बनलेल्या बजाज चेतकनं तिला इंधनपुरवठ्याचं जे शिक्षण दिलं ते कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळालं नसतं. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही तर ती अंगावर घेऊन आडवी करायची, दहा आकडे मोजायचे, सरळ करायची आणि किक मारायची. ही अंधश्रद्धा नव्हती. स्कूटर कलली की कार्बोरेटरमधला फ्लोट आपली जागा सोडायचा, जास्तीचं पेट्रोल आत जायचं आणि थंड इंजिनाला हवं तसं दाट मिश्रण मिळायचं. २०२० च्या एप्रिलात बीएस-सहाचे नियम आले, दुचाक्यांवर इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसली आणि कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आजच्या मुलांना स्कूटर आडवी पडलेली दिसली तर ते रुग्णवाहिका बोलावतात. अमेरिकेतल्या पुष्कळ मोवरांवर मात्र कार्बोरेटर अजून ठाण मांडून आहे. त्यामुळे वडिलांचं ज्ञान तिथं ताजं आहे. अडचण एवढीच की मोवर दोनशे किलोंच्या घरात जातो आणि आडवा करायला शेजारी परवानगी देत नाही.

शेजाऱ्याची पद्धत वेगळी. तो आधी दोषाचा मुलूख ठरवतो. हवेचा फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात तो स्टार्टिंग फ्लुइडचा एक फवारा मारतो आणि किल्ली फिरवतो. इंजिन दणक्यात सुरू होतं, गराजमधले सगळे ओरडतात, आणि दोन सेकंदांत ते बंद पडतं. अभियंत्याचा चेहरा पडतो. शेजाऱ्याचा मात्र खुलतो. कारण आता सिद्ध झालं की ठिणगी आहे, दाब आहे, हवा आहे. बाहेरून दिलेलं इंधन ते आनंदानं पितं. म्हणजे घरातूनच जेवण मिळत नाही.

गच्चीवरची टाकी भरलेली असताना चौथ्या मजल्यावरचा नळ कोरडा, हे ज्यानं आपल्या सोसायटीत सोसलंय त्याला पुढचं सगळं समजायला सोपं जातं. टाकीपासून सिलिंडरपर्यंत पेट्रोलला जेमतेम हाताच्या लांबीचा प्रवास करायचा असतो, पण वाटेत अडवणारे फार.

सुरुवात झाकणापासून. पेट्रोल जसं खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. ती धुळीनं आणि गवताच्या भुशानं बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल जागच्या जागी थांबतं. या दोषाची खोड अशी की यंत्र आधी झकास चालतं. अर्धं अंगण कापून होतं, आणि मग बरोबर रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशा जागी ते बंद पडतं. माणूस वैतागून घरात जातो, चहा घेतो, परत येतो. तोवर हवा झिरपलेली असते आणि यंत्र एका झटक्यात सुरू होतं. मग पुन्हा अर्धा तास. काही घरांत असा चहा अख्खा उन्हाळा चालतो आणि मोवरला ‘गरम झालं की रुसतं’ असा स्वभाव चिकटवला जातो. खरं तर बंद पडल्या पडल्या झाकण सैल करायचं. ‘फुस्स’ असा आवाज आला की चोर सापडला. खर्च शून्य, म्हणूनच हा उपाय कुणाला आधी सुचत नाही.

झाकण निर्दोष सुटलं की नळी. ती बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सोलवटलेली असते. आतला पापुद्रा झडपेसारखा मिटतो आणि वाट बंद. मग फिल्टर. काही डॉलरचा हा पारदर्शक डबा. तो अर्धाच भरलेला पाहून लोक हमखास घाबरतात, पण चालू इंजिनातही तो पुष्कळदा अर्धाच दिसतो, त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते त्यावरचा बाण न बघता उलटा बसवणं.

मग पंप. मोवरमधला सगळ्यात गमतीचा भाग हाच. टाकी कार्बोरेटरपेक्षा खाली असेल तर पेट्रोल वर चढवायला एक चपटा पंप असतो, आणि त्याला ना मोटर ना वायर. इंजिनाच्या पोटात दट्ट्या खाली-वर होताना जो दाब कमी-जास्त होतो तो एका बारीक नळीनं पंपापर्यंत आणलेला असतो, आणि त्यावर आतला रबरी पडदा धडधडतो. इंजिन फिरलं तर पंप चालणार, पंप चालला तर इंजिनाला पेट्रोल मिळणार. कुणी कुणाला ‘आधी आपण’ म्हणायचं, असा हा पेच स्टार्टर सोडवतो. पडदा फाटला किंवा ती बारीक नळी तडकली की मात्र सगळं नातंच संपलं.

नळी काढून डब्यात पेट्रोल येतं का ते बघायची वेळ येते तेव्हा वडील तत्परतेनं पुढे होतात. तोंडानं ओढून देतो म्हणतात. त्यांनी मित्राच्या स्कूटरमधून स्वतःच्या स्कूटरमध्ये असं कितीदा तरी काढलेलं असतं. शेजाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण ओठांशी नेलेली नळी कळते. तो दोन्ही हात वर करून धावतो आणि आपल्या गराजमधून दाबायचा रबरी फुगा आणून देतो. (शेजारीच बरोबर आहे. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर प्रकरण रुग्णालयात संपतं, आणि पाहुण्या आई-वडिलांचा प्रवासी विमा त्यावर काय म्हणेल ते विचारू नये.) त्याच वेळी तो गराजच्या कोपऱ्यातल्या गॅसच्या गीझरकडेही बोट दाखवतो आणि सगळ्यांना यंत्रासकट बाहेर काढतो.

शेवटी गाठ कार्बोरेटरशी पडतेच. हंगेरीत १८९३ साली दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी याचं पेटंट घेतलं. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली तोंडानं फुंकून फुलांवर पाण्याचा फवारा मारत होती, ते बघून त्यांना ही युक्ती सुचली, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तत्त्व तेच: हवा वेगानं जाते, नळीतून द्रव ओढला जातो, तुषार उडतात. पेट्रोलचा वाडगा खाली, त्यात फ्लोट. पातळी चढली की तो सुईनं वाट बंद करतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक म्हणजे हाच गृहस्थ, फक्त थोराड.

वाडग्याच्या बुडाला बऱ्याच मोवरांत एक सोलेनॉइड असतो. किल्ली फिरवली की ‘टक्’ आवाज करून तो आत जातो आणि पेट्रोलची वाट मोकळी करतो. किल्ली बंद केली की वाट अडवतो, म्हणजे जाता जाता सायलेन्सरमधून बार निघत नाही. ‘टक्’ ऐकू आलं नाही तर वायर किंवा सोलेनॉइड बघायचा. पण स्टार्टर आणि किल्ली यांच्या गोंधळात हा आवाज ऐकायचा कुणी? यंत्राभोवती एव्हाना तीन पुरुष आणि चार मतं जमलेली असतात. “गप्प बसा सगळे,” असं म्हणून तो आवाज शेवटी ऐकतात त्या आई, ज्या चहा द्यायला आलेल्या असतात.

आणि मग जेट. पितळेचा एवढासा तुकडा, त्याला सुई जेमतेम जाईल असं भोक. ऑक्टोबरच्या पेट्रोलची राळ इथं येऊन बसलेली असते. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं काही दिसत नाही. वडील म्हणतात, “बघ.” बाकी काही म्हणत नाहीत. कार्ब क्लीनर मारायचा, हवेचा झोत द्यायचा, फारतर मऊ तांब्याची तार. ड्रिलचं पातं घालून भोक ‘मोठं’ करणाऱ्याला नंतर इंजिन काळा धूर सोडून उत्तर देतं. जेट अर्धवट तुंबलेला असेल तर आणखी एक तमाशा होतो. इंजिन सुरू होतं, पण एकदा वेग घेतं, एकदा मरगळतं. मिश्रणात पेट्रोल कमी, वेग पडला की वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग वाढला की मिटतो, आणि सीटवर बसलेल्या लेकानं काही केलं नसतानाही वडील त्याला ओरडतात.

हे सगळं टाळायचं असेल तर बाजारात अख्खा नवा कार्बोरेटर मिळतो, चिनी, जुन्याच्या गास्केट-सेटला जेवढे पैसे पडतात त्याच्या आसपास. अनेकजण तोच घेतात. अट एक: जुना काढण्याआधी गव्हर्नरच्या सळया आणि स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या त्याचा फोटो काढायचा. फोटो काढला जातोच. काढणारा मात्र त्या दिवशी यंत्रापेक्षा बाबांचा आणि शेजाऱ्याचा एकत्र फोटो काढण्यात रमलेला असतो, आणि संध्याकाळी बाकावर एक स्प्रिंग उरते.

मोवरच्या हट्टापायी माणसं काय करतात याची कमाल १९९४ साली आयोवातल्या लॉरेन्स गावच्या आल्विन स्ट्रेट यांनी केली. वय ७३, दृष्टी अधू, त्यामुळे गाडीचा परवाना नाही. आणि आजारी भाऊ विस्कॉन्सिनमध्ये, २४० मैलांवर. ताशी पाचेक मैलांच्या वेगानं, मागे ट्रेलर जोडून, ते रायडिंग मोवरवरून निघाले. वाटेत यंत्रानं दगा दिला, दुरुस्त्या झाल्या, पैसे संपले, पण ते पोचले. १९९९ मध्ये डेव्हिड लिंचनं ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा चित्रपट काढला, त्यात रिचर्ड फार्न्सवर्थ यांनी ही भूमिका केली. अमेरिकेतल्या प्रत्येक शेजाऱ्याला ही गोष्ट माहीत असते, आणि ती सांगायची वेळ तो नेमकी जेट हातात धरलेला असताना निवडतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला जेट बसतो, ताजं पेट्रोल पडतं, किल्ली फिरते आणि इंजिन एका दमात सुरू होतं. धडधडतं, स्थिरावतं. अभियंता मोवर अंगणात नेतो, पाती सुरू करतो, अर्धा पट्टा कापतो. शेजारी अंगठा दाखवतो. वडील खुर्चीत मागे रेलतात. आणि अभियंता, दिवसभराचा घामेजलेला, दोन्ही हात उंचावून विजयानं सीटवरून उभा राहतो.

इंजिन बंद.

पाती चालू असताना चालक सीटवरून उठला की इंजिन बंद करणारा एक सुरक्षा-स्विच सीटखाली असतो. तो त्याचं काम चोख करतो. हे कुणालाच त्या क्षणी आठवत नाही. शेजारी पाना उचलतो. वडील खुर्चीतून न उठताच सांगतात, “अजून कचरा आहे.” कार्बोरेटरचा वाडगा पुन्हा सुटायला लागतो.